फुकटचं रुग्णालय घेण्याआधी: मोठ्या देणगीचे कागद कसे वाचावेत

कोनशिलेचा फोटो पेपरात आला त्या दिवशी हिशेब मागायला गेलात, तर गावात वाईट तुम्हीच ठरता. म्हणून हे काम आधी उरकायचं. ‘अमुक शेट आपल्या गावाला पाच कोटी देणार’ अशी नुसती कुजबुज टपरीवर ऐकू आली की लागायचं कामाला.

मी मिरजेत चार्टर्ड अकाउंटंट आहे. माझं बरंचसं काम ट्रस्टांच्या ऑडिटचं: शाळा, दवाखाने, देवस्थानं, आणि अलीकडे कंपन्यांची फाउंडेशनं. अतिश्रीमंतांचं दान खरोखर लोकांच्या कामी येतं का, असं कुणी विचारलं की समोरचा माणूस लगेच दात्याच्या मनात शिरतो. पुण्य कमवायचंय का, नाव हवंय का, पाप धुवायचंय का. ते मला कळत नाही आणि कळून उपयोगही नाही. मी एवढंच बघते, की दिल्यानंतर त्यानं स्वतःच्या हातात काय ठेवलंय. पैसा दिला आणि निर्णयही सोडला, तर ती वस्तू हळूहळू लोकांची होते. पैसा दिला पण कुणाला घ्यायचं, किती आकारायचं, कधी बंद करायचं हे सगळं घरातच ठेवलं, तर ती त्याचीच राहते. आपण फक्त आभाराचे फलक लावायचे. आणि हे कागदावर दिसतं. बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कुणालाही दिसेल.

पाच-पन्नास हजारांच्या देणग्यांना हे लावत बसू नका. कुणी वह्या वाटल्या, शाळेला पंखे दिले, तर घ्या आणि आभार माना. हे सगळं आहे ते इमारत, यंत्रं, जमीन, मोठी रक्कम आणि मोठं नाव यांच्यासाठी.

पैसा कुठल्या खिशातला

बातमीत नाव माणसाचं असतं. चेक कुणाचा आहे ते विचारा. त्याच्या स्वतःच्या कमाईतला, त्याच्या कंपनीचा की एखाद्या ट्रस्टचा? फलकावर तिन्ही सारखेच दिसतात, आत तिन्ही वेगळे असतात.

कंपनीचा असेल तर बहुधा तो सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायचा कायदेशीर खर्च असतो, आणि सीएसआर ही मेहरबानी नव्हे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. आदल्या वर्षी नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी आकडा गाठला असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करणं बंधनकारक. समजा नफा ४०, ५० आणि ६० कोटी. सरासरी ५०, दोन टक्के म्हणजे १ कोटी. या कंपनीनं तुमच्या शाळेला ८० लाखांची इमारत दिली, तर तिनं कायद्यानं द्यायचंच होतं त्यातलं दिलं. वाईट काही नाही त्यात. फक्त मालकाच्या आईच्या नावाची पाटी लावायची की नाही, हा प्रश्न आता वेगळा वाटायला लागतो. पैसा भागधारकांचा, सक्ती संसदेची, नाव आईचं.

हे शोधायला मुंबईला जावं लागत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या वेबसाइटवर असतो. त्यात सीएसआरचं वेगळं परिशिष्ट असतं: किती खर्च करायचे होते, किती केले, किती उरले. कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या संस्थेमार्फत, हे काही अहवालांत असतं, नसेल तर कंपनीला विचारा. खर्च करणाऱ्या संस्थेचा ‘सीएसआर-१’ नोंदणी क्रमांकही मागून घ्या. ही नोंदणी २०२१ पासून सक्तीची आहे. ती संस्था कंपनीचंच फाउंडेशन निघालं तर दचकू नका, कायद्याला ते चालतं. पण मग तुमचा पुढचा मुक्काम त्या फाउंडेशनचे हिशेब.

प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर जाऊ नये असा नियम आहे, तो तुम्हाला अभिमानानं सांगितला जाईल. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थेचे पगार, गाड्या, हॉटेलं प्रकल्पाच्या खर्चात धरता येतात. तेव्हा ‘आमचा फक्त ५ टक्के’ याच्यावर थांबू नका.

आणखी एक धंद्यातली गोष्ट सांगते. फेब्रुवारी उजाडला की कंपन्यांचे फोन सुरू होतात: ‘३१ मार्चच्या आत खर्ची पडेल असं काही आहे का?’ त्या घाईत संगणक, सौरदिवे आणि पाण्याची एटीएम गावोगाव येऊन पडतात. अशा वेळी घाबरून होकार देऊ नका. काम वर्षाच्या पुढे जाणारं असेल तर कंपनीच्या संचालक मंडळाला ते ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करता येतं. मग उरलेली रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते. ही तरतूद तुम्हाला माहीत आहे एवढं कळलं तरी समोरच्याचा आवाज बदलतो.

आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात एक चौथा खिसाही आहे: ऊसकऱ्याचा. कारखान्यानं शिक्षणसंस्था उभारली, तिला संस्थापकांच्या वडिलांचं नाव दिलं, आणि उभारणीचा पैसा वर्षानुवर्षं उसाच्या बिलातून टनामागं कपात करून घेतलेला. जुन्या पावत्या घरात असतील तर काढून बघा, कपातीचे रकाने वाचण्यासारखे असतात. साखर कारखान्याकडून देणगी येत असेल तर आधी एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, थकलीय का ते पाहा. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे, आणि कुठल्या कारखान्याकडे किती थकलेत हे पुण्याच्या साखर आयुक्तालयाला माहीत असतं. शेतकऱ्याचे पैसे थकवून त्याच्याच गावात सभामंडप बांधणाऱ्याला मी दाता म्हणत नाही.

घोषणेतला आकडा

विनोबांच्या भूदानापासून आपण हे शिकायला हवं होतं. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी १०० एकर जमीन दिली, आणि मग देशभर लाखो एकरांचे आकडे जाहीर होत गेले. प्रत्यक्ष वाटायची वेळ आली तेव्हा त्यातली बरीच जमीन खडकाळ, वादातली किंवा नुसती कागदावरची निघाली. विनोबांच्या निष्ठेबद्दल कुणाला शंका नव्हती. हिशेब दानपत्राचा ठेवला गेला, सातबाऱ्याचा राहून गेला.

तेव्हा मोठा आकडा ऐकला की विचारा: किती वर्षांत? रोख, शेअर, जमीन की यंत्रसामग्री? आजवर बँकेत किती जमा झाले? मार्च २०१९ मध्ये अझीम प्रेमजींनी विप्रोचे आणखी ३४ टक्के शेअर दानाला दिल्याची बातमी आली, किंमत ५२,७५० कोटी. नीट वाचलं तर त्या शेअरांचा आर्थिक लाभ, म्हणजे लाभांश आणि विक्रीतून येणारं उत्पन्न, परत न घेण्याच्या अटीवर दानकार्यासाठी राखून ठेवलेला होता. रोख ५२,७५० कोटी त्या दिवशी कुणाच्या खात्यात पडले नव्हते. मला हे दान मोठंच वाटतं. त्यांचं फाउंडेशन सरकारी शाळांच्या शिक्षकांबरोबर काम करतं, समांतर चकचकीत शाळांची साखळी उभी करत नाही, हे मला विशेष आवडतं. पण मथळ्यातला आकडा आणि दरवर्षी खर्चायला मिळणारा आकडा यांत केवढं अंतर असतं ते यावरून लक्षात येईल.

त्यात तुमचे किती

‘त्याचा पैसा आहे, तो कुठेही देईल’ असं म्हणणाऱ्यांसाठी हे गणित. जुन्या करप्रणालीत ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसानं ५० टक्के वजावटीच्या ८०जी ट्रस्टला (८०जी म्हणजे देणगीवर करसवलत देणारं आयकराचं कलम) १० लाख दिले, तर मर्यादेत बसत असल्यास ५ लाखांची वजावट मिळते आणि अधिभार-उपकर सोडून दीड लाखाचा कर वाचतो. म्हणजे दहातले दीड लाख सरकारी तिजोरीतले, तुमचे-माझे. शंभर टक्के वजावट असेल तिथे तीन लाख. वर त्या ट्रस्टचं उत्पन्नही, वर्षाला ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च करण्याच्या अटीवर, करमुक्त. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले. पण आमच्या ऑफिसात सगळे अजून ८०जीच म्हणतात आणि पुढची दहा वर्षं तेच म्हणणार.)

म्हणून हिशेब विचारताना आवाज खाली आणू नका. त्यात तुमचाही वाटा आहे.

धर्मादाय कार्यालयातला उतारा

संस्था महाराष्ट्रातला सार्वजनिक ट्रस्ट असेल तर ट्रस्टांची नोंद ठेवणाऱ्या धर्मादाय कार्यालयात तिच्या नोंदीचा, म्हणजे शेड्यूल एकचा उतारा मिळतो. बोलताना ‘पीटीआर’ म्हणा, खिडकीवरच्या माणसाला लगेच समजतं. सातबारा वाचता येतो ना? मग हाही येईल. ट्रस्टचं नाव, विश्वस्तांची नावं, उद्दिष्टं, स्थावर मालमत्ता, उत्पन्नाची साधनं, बोजे.

सगळ्यांत आधी बोट ठेवायचं ते ‘विश्वस्तपदाच्या उत्तराधिकाराची पद्धत’ या रकान्यावर. तिथे वंशपरंपरागत किंवा ‘संस्थापक नेमतील ते’ असं काही असेल, आणि विश्वस्तांच्या यादीत एकच आडनाव खालपर्यंत ओघळलेलं असेल, तर ती घरची संस्था. घरच्या संस्था चांगल्या नसतातच असं नाही. पण सुनेचं आणि धाकट्या भावाचं बिनसलं की तुमचं डायलिसिस सेंटर कुणाच्या वाट्याला जातं, हा प्रश्न तुमचा होतो. कधीकधी यादीत वारलेल्या माणसांचीही नावं सापडतील. बदल अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात, त्यामुळे कागदावर मयत विश्वस्त सुखानं कारभार करत असतात. त्यावरून लगेच घोटाळा समजू नका, पण प्रत्यक्षात सह्या कोण करतं ते विचारा.

मग स्थावर मालमत्तेचा रकाना. दवाखान्याची इमारत ट्रस्टच्या नावावर आहे का? असेल तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही, लांब मुदतीनं भाड्यानं देता येत नाही. हे कुलूप तुमच्या कामाचं आहे. रकान्यात इमारतच नसेल, तर ती कुणाची आणि भाडं किती, हे हिशेबपत्रकात सापडेल.

‘फाउंडेशन’ नाव असलेली संस्था बऱ्याचदा ट्रस्ट नसून कंपनी कायद्याच्या कलम ८ ची, म्हणजे नफा वाटून न घेणारी कंपनी असते. तिचा उतारा धर्मादाय कार्यालयात सापडणार नाही. तिचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरून बघता येतात.

हिशेबपत्रकं: इथं वेळ काढा

ट्रस्ट दरवर्षी ऑडिट करून शेड्यूल आठ, म्हणजे ताळेबंद, आणि शेड्यूल नऊ, म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक, धर्मादाय कार्यालयात दाखल करतो. एका वर्षाचं बघून काही कळत नाही. लागोपाठची तीन मागा आणि शेजारी शेजारी ठेवा.

शेड्यूल नऊमध्ये खर्चाच्या बाजूला खाली ‘ट्रस्टच्या उद्दिष्टांवरील खर्च’ असा भाग असतो: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबांना मदत, इतर धर्मादाय. त्याच्या वर आस्थापना खर्च, विश्वस्तांचं मानधन, वकिलाची फी, घसारा. दोन्हींची बेरीज करून बघा. आस्थापना जड आणि उद्दिष्टं हलकी दिसली तरी घाई नको. शाळेच्या शिक्षकांचे पगार कुठल्या शीर्षाखाली दाखवलेत ते विचारा, कारण काही हिशेबनीस सगळे पगार आस्थापनेत टाकतात. मी संशय घेते तो ‘गरिबांना मदत’ या ओळीवर. मोठं नाव, मोठी इमारत आणि त्या ओळीत शून्य किंवा डॅश, असं चित्र मी पुष्कळदा पाहिलंय.

शेड्यूल आठमध्ये दोन जागा. एक, कर्जं: त्यात ‘विश्वस्तांकडून’ अशी ओळ असते. दात्यानं ‘दिलेले’ पैसे कधीकधी देणगीत नसतात, इथे असतात, आणि त्यावर व्याजही चालू असतं. म्हणजे त्यानं दान केलं नाही, उसने दिलेत. दोन, आगाऊ रकमा: विश्वस्तांना, कंत्राटदारांना. एखाद्या कंत्राटदाराकडे तीन वर्षं तोच आकडा पडून असेल तर तो कंत्राटदार कोण ते गावात कुणालाही विचारा. सांगली जिल्ह्यात अशी गोष्ट लपत नाही.

आणि सोबत ऑडिटरचा अहवाल. लोक तो वाचतच नाहीत, खरा मसाला तिथे. विश्वस्तांपैकी कुणी ट्रस्टचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का, गुंतवणुकीत कुणाचा हितसंबंध आहे का, निधी दुसऱ्या उद्दिष्टाकडे वळवला का, असे प्रश्न त्यात छापलेलेच असतात आणि आम्हाला उत्तर द्यावं लागतं. एक प्रश्न असा: ५,००० रुपयांवरच्या दुरुस्ती किंवा बांधकामासाठी निविदा मागवल्या होत्या का? आज पाच हजारात बाथरूमची टाइल बसत नाही, तरी आकडा तोच आहे. पण हसून सोडून देऊ नका. दोन कोटींच्या इमारतीपुढे या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढचा प्रश्न तयार आहे: मग काम कुणाला दिलं?

मी पाहिलेलं एक प्रकरण नाव न घेता सांगते. दवाखाना ट्रस्टचा, इमारत विश्वस्तांच्या खासगी कंपनीची. भाडं दरवर्षी वाढत होतं, देणग्याही वाढत होत्या, आणि मोफत रुग्णांचा आकडा होता तिथंच होता. देणग्या एका दारानं ट्रस्टमध्ये येऊन भाड्याच्या रूपानं दुसऱ्या दारानं घरी जात होत्या. फलकावर मात्र ‘सेवा हाच धर्म’. हे शोधायला कुणी गुप्तहेर लागला नाही. शेड्यूल नऊमधली भाड्याची ओळ आणि उताऱ्यातला रिकामा रकाना एवढं पुरलं.

तिसऱ्या वर्षी वीजबिल कोण भरणार

इमारत देणं सोपं असतं, कारण तिच्यावर नाव लिहिता येतं. परिचारिकेच्या पगारावर नाव लिहिता येत नाही.

एका गावचे सरपंच ऑफिसात आले होते. ‘मॅडम, पाच मशिनी फुकट देत्यात डायलिसिसच्या. घ्यायला काय हुतंय?’

म्हटलं, ‘घ्या की. पाणी किती लागतं विचारलंत का सरपंच?’

एका डायलिसिसला चारेक तास लागतात आणि त्या वेळात साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी. पाच यंत्रं, दोन पाळ्या: दिवसाला १,२०० लिटर, आणि आरओमधून वाया जाणारं वेगळं. वीज गेली तर जनरेटर. डायलायझर, नळ्या, हेपारिन, तंत्रज्ञ, आठवड्यातून एकदा तरी येणारा किडनीचा डॉक्टर. रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा यावं लागतं, आयुष्यभर. यंत्र एकदा येतं, बाकीचं दर महिन्याला. सरपंचांनी हे लिहून घेतलं आणि पुढच्या बैठकीत तेवढंच विचारलं. तेव्हा समोरच्यांकडेही उत्तर नव्हतं, कारण त्यांच्या प्रकल्प अहवालात फक्त यंत्रांची किंमत होती.

उत्तर बहुतेक वेळा असतं, ‘महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून बिलं मिळतील.’ मिळतात, डायलिसिस त्या योजनेत बसतं. पण मग ते सेंटर दात्याच्या पैशावर चालत नाही, सरकारी योजनेवर चालतं, आणि दात्यानं सुरुवातीचं भांडवल दिलेलं असतं. तसं असेल तर तसंच फलकावर लिहा.

चालू खर्चाची खरी सोय करायची तर ठेव लागते. वर्षाला २० लाख खर्च असेल आणि ७ टक्के व्याज धरलं, तर २ कोटी ८६ लाखांच्या आसपास ठेव हवी, आणि महागाई धरली तर तीही पुरणार नाही. हा आकडा दात्यापुढे ठेवा. अमेरिकेत पोलादसम्राट कार्नेगीनं गावोगाव ग्रंथालयं बांधली तेव्हा त्यानं उलट बाजूनं हेच केलं होतं. जागा गावानं द्यायची आणि बांधकामाच्या १० टक्के रक्कम गावानं दरवर्षी करातून घालायची, तरच इमारत. त्याच्या पोलाद कारखान्यातल्या कामगारांनी १८९२ मध्ये होमस्टेडच्या संपात काय भोगलं ते वेगळंच. पण चालू खर्च कुणाचा, हे त्यानं पहिल्या दिवशी ठरवून घेतलं.

अटी: घालणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या

अट म्हटली की ती दात्याच्या फायद्याची, असं नसतं. माहीमचा कॉजवे १८४० च्या दशकात लेडी आवाबाई जमशेटजींच्या १,५७,००० रुपयांतून झाला आणि अट होती की सरकारनं टोल घ्यायचा नाही. मुंबईचं सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज, केईएमच्या आवारातलं, १९२६ मध्ये सुरू झालं. देणगी देणाऱ्या ट्रस्टींची अट होती की शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत. इंग्रजांच्या राज्यात, वरच्या जागा साहेबांच्या असताना. या दोन्ही अटींनी दात्याला काही मिळत नव्हतं, लोकांना मिळत होतं. ही फूटपट्टी वापरा: अटीचा उपयोग कुणाला?

आवाबाईंचे पती जमशेटजी जीजीभाई यांचा पैसा चीनच्या अफूच्या व्यापारातून आला होता, हेही खरंच. त्यांच्या नावाच्या जेजे रुग्णालयाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्याला आज त्याची आठवण करून देण्यात अर्थ नाही. पण जिवंत दात्याच्या बाबतीत उगम विचारायलाच हवा. त्याच्या कारखान्याचं सांडपाणी तुमच्याच ओढ्यात येत असेल, तर जलशुद्धीकरण यंत्राची देणगी घेण्याआधी ते पाणी थांबवायला सांगा. ओढा त्यानं स्वच्छ करणं ही देणगी नव्हे.

निर्णय सोडणं म्हणजे काय, याचा मला माहीत असलेला उत्तम नमुना परळला आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटल सर दोराबजी टाटा ट्रस्टनं २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू केलं. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं, १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे. नाव टाटांचंच राहिलं, कारभार सरकारचा झाला, खर्चाचा मोठा भार सरकारी तिजोरीनं उचलला. नाशिकचा, नांदेडचा, बिहारचा रुग्ण आज तिथे जातो. हेच रुग्णालय एका घराण्याच्या हातात राहिलं असतं तर ते असंच वाढलं असतं असं मला वाटत नाही. याउलट टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर टाटांच्या ट्रस्टांकडे आहेत. म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटांनंतर नोएल टाटा ट्रस्टांचे अध्यक्ष झाले ती बातमी पहिल्या पानावर आली. लाभांश दानाला जातो, पण उद्योगसमूहाची दोरीही त्याच खुर्चीशी बांधलेली आहे. एकाच घराण्याच्या दोन गोष्टी, आणि मी गावाला पहिलीच मागायला सांगेन.

मोठ्या ट्रस्ट रुग्णालयांत तर काही गोष्टी मागायच्याही नसतात, त्या हक्काच्या आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. तातडीच्या वेळी अशा रुग्णाकडून अनामत मागता येत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड सोबत ठेवा आणि ‘धर्मादाय खाट’ हेच शब्द वापरा. ‘काहीतरी सवलत द्या’ म्हणालात की प्रकरण मेहरबानीच्या खिडकीवर जातं.

करारात हे लिहून घ्या

दात्याकडून आलेला मसुदा जसाच्या तसा सही करू नका. ग्रामसभेत वाचा. मग यातलं काय नाही ते बघा. मी साधारण अशा भाषेत लिहून देते, वकिलाकडून सुधारून घ्या:

‘सदर इमारत व यंत्रसामग्री यांची मालकी बांधकाम पूर्ण झाल्याच्या दिनांकापासून ग्रामपंचायतीची राहील. पहिल्या पाच वर्षांचा वीज, पाणी, दुरुस्ती व वेतन यांचा खर्च देणगीदार करील व त्यासाठीची रक्कम स्वतंत्र खात्यात आगाऊ जमा करील. व्यवस्थापन समितीत ग्रामसभेने निवडलेले किमान तीन सदस्य मताधिकारासह असतील. रुग्णांकडून आकारावयाचे दर समितीच्या मंजुरीशिवाय वाढवता येणार नाहीत. सेवा बंद करावयाची झाल्यास देणगीदाराने बारा महिन्यांची लेखी पूर्वसूचना द्यावी. वार्षिक हिशेब दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवावा.’

सगळ्यांत जास्त घासाघीस ‘मताधिकारासह’ या एका शब्दावर होते. सल्लागार म्हणून तीन काय, तीस सदस्य घ्यायला समोरचे तयार असतात. तिथे अडून बसा. नावाच्या पाटीवर हवं तर सोडून द्या. पाटी मोठी करून मतं मिळत असतील तर सौदा वाईट नाही. जागा सरकारी किंवा गायरान असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पुढचं काही ठरवूच नका.

नकलांसाठी धर्मादाय कार्यालयात साधा अर्ज चालतो: ट्रस्टचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, कुठल्या वर्षांची कुठली पत्रकं हवीत, आणि तुमचा त्या ट्रस्टशी संबंध काय, म्हणजे लाभार्थी, पालक की गावकरी. नोंदणी क्रमांक देणगी पावतीवर किंवा लेटरहेडवर छापलेला असतो. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्या, आणि अर्ज सोमवारी सकाळी द्या. शुक्रवारी दुपारी दिलेला कागद शोधायला पुन्हा तुम्हालाच जावं लागतं.